कोरेगावचा खांब आणि सिद्धगडची वाट

३१ डिसेंबरच्या रात्री शहापूर-मुरबाडकडची आमची माणसे जीप-टेम्पो करून माळशेज घाट चढतात आणि कोरेगाव भीमाची वाट धरतात. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देऊन परततात. दुसऱ्याच दिवशी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हुतात्मा भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करायला लोक जमतात. मी दोन्हीकडे जातो. मागे वर्गातल्या एका ठाकर मुलाने मला विचारले,

"सर, काल तुम्ही इंग्रजांनी उभारलेल्या खांबाला हात जोडलेत आणि आज इंग्रजांनी गोळी घातलेल्या माणसाला. मग आपलं कोण?"

मुलाच्या मनात खोड नव्हती. हाच प्रश्न २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगावात हिंसाचार झाल्यानंतर मात्र पुष्कळांनी खोडसाळपणे विचारला. परकीयांच्या विजयाचा खांब तुम्ही कसा मिरवता, असा त्याचा रोख होता. त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही, इतिहासानेच द्यावे लागते.

परकीय राजवटीची सगळीच स्मारके आपण जपली असे नाही. मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता, तो १९६५ साली हलवून राणीच्या बागेत नेला. कोणी अश्रू ढाळले नाहीत. राजा गेला, काळा घोडा हे नाव तेवढे राहिले, आणि २०१७ मध्ये लोकांनी तिथे घोडा पुन्हा उभा केला तो स्वाराशिवाय! मग कोरेगावचा खांब त्याच न्यायाने का हलवू नये?

कारण त्या दगडावर राजाचे नाव नाही, मेलेल्या शिपायांची नावे आहेत. खांबाची पायाभरणी १८२१ साली कंपनी सरकारने स्वतःच्या फौजेच्या कौतुकासाठी केली, हे खरेच आहे. पण त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्या पेशवाईत महाराच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, ती बुडाल्यावर चार वर्षांच्या आत महाराचे नाव दगडात कोरले गेले. सरकारचा हेतू काहीही असो, आमच्या हाती एक सहीशिक्क्याची पावती आली.

आणि ती पावती आम्ही वापरली ती इंग्रजांविरुद्धच, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी त्याबद्दल अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी आले. पुढे १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की, आमच्या बळावर तुम्ही हा देश घेतलात, त्या बदल्यात आमची अस्पृश्यता किती घालवलीत? ही लाचारांची भाषा नव्हे, हिशेब मागणाऱ्याची आहे.

आता थोडे आपल्याही घरात पाहू. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले, असे आपले वक्ते सांगतात. तसे घडले नाही. कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे आठशेंच्या तुकडीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचेही शिपाई होते. पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब होते. पेशव्यांची सगळी फौज चालून आली नव्हती, आणि लढाईनंतर स्टाँटन पुण्याला न जाता शिरूरला परतला. दिवसभर उपाशीतापाशी तग धरणाऱ्या शिपायांचा पराक्रम याने उणा होत नाही. पण आनंद तेलतुंबडे यांनी २ जानेवारी २०१८ ला असेच काही लिहिले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना ते रुचले नाही. त्याच कोरेगावच्या नावाने चाललेल्या खटल्यात १४ एप्रिल २०२० ला त्यांना अटक झाली. इतिहासाची थट्टा म्हणायची ती हीच!

राहिला सिद्धगड. भाई कोटवाल माथेरानच्या न्हावी कुटुंबातले, शिकून वकील झालेले. सावकारीच्या कात्रीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठी काढली. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना सिद्धगडाच्या रानात गाठून मारले. कोरेगावचा शिपाई पोटासाठी आणि माणूस म्हणून वागवले जावे यासाठी लढला. कोटवालांनाही भाकरीचा प्रश्न आणि परकी सत्तेचा प्रश्न निराळे वाटले नाहीत. मी एका दिवशी दगडावरची नावे वाचतो, दुसऱ्या दिवशी डोंगर चढतो. इंग्रजांना वंदन मी दोन्ही दिवशी करत नाही.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला,

"सर, आपल्याकडं तानशाचं धरणही इंग्रजांनीच बांधलंय ना?"

"हो. १८९२ साली पुरं झालं."

"पाणी मुंबईला जातं. आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. ज्यांनी धोंडे वाहिले, ज्यांची राने बुडाली, त्यांची नावं कुठं कोरलीत?"

या धरणाला कोणी विरोधही करत नाही आणि मानवंदनाही देत नाही. ते स्मारक आहे हेच आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. येत्या सुट्टीत आम्ही दोघे तानशाच्या काठच्या पाड्यांवर जाणार आहोत, म्हाताऱ्यांना विचारायला.