परदेशी सून किंवा जावई गावात राहायला येणार? टुरिस्ट व्हिसावर विसंबू नका

धाराशिव : शिकायला किंवा कामाला परदेशात गेलेल्या मुला-मुलीने तिथलाच जोडीदार निवडला, की गावाकडे आधी चर्चा होते ती लग्नाची आणि तुळजापूरच्या दर्शनाची. व्हिसाचा विषय निघतो सगळ्यात शेवटी. तोवर टुरिस्ट व्हिसाची मुदत संपत आलेली असते आणि मग धावपळ सुरू होते. भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला कोणता व्हिसा लागतो, हे आधीच समजून घेतलं तर ही वेळ येत नाही.

आधी लग्नाची नोंद

मंगल कार्यालयातले फोटो आणि लग्नपत्रिका व्हिसासाठी पुरेशा नाहीत. लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल, तर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करावं लागतं. त्यासाठी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे महिनाभराच्या व्हिसावर येऊन हे लग्न उरकत नाही. परदेशात लग्न झालं असेल तर तिथला दाखला अपोस्टील करून, म्हणजे त्या देशाच्या सरकारचा शिक्का घेऊन आणावा.

कोणाला कोणता रस्ता?

फक्त भेटीला यायचं असेल, तर टुरिस्ट व्हिसा चालतो. पण तो राहण्यासाठी नाही आणि सहसा वाढवूनही मिळत नाही.

इथं राहायचं असेल, तर एंट्री व्हिसा घ्यावा. जोडीदारासाठीच्या प्रकाराला एक्स-२ म्हणतात. समजा, उमरग्याच्या मुलाचं लग्न दुबईत फिलिपिन्सच्या मुलीशी झालं, तर तिने भारतात येण्याआधीच तिथल्या भारतीय दूतावासाकडे हा अर्ज करायचा. दुसऱ्या व्हिसावर भारतात असतानाच लग्न झालं, तर तो एंट्री व्हिसात बदलून मागता येतो. मात्र अर्ज मुदतीच्या आत हवा. दोघं खरंच एकत्र राहतात का, याची चौकशी होते आणि मगच निर्णय होतो. या व्हिसावर नोकरी करता येईल असं गृहीत धरू नये.

लग्नाची नोंद होऊन आणि संसार सलग टिकून किमान दोन वर्षं झाली, की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. नोंदणी लांबवली तर हे कार्डही लांबतं, ते यामुळेच. भारतात अर्ज केल्यास फी १५ हजार रुपये आहे. कार्ड मिळालं की पुन्हा पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं.

नागरिकत्व हा शेवटचा टप्पा. त्यासाठी भारतीय नागरिकाशी लग्न आणि भारतातला सात वर्षांचा रहिवास लागतो. नुसत्या लग्नाने कोणी भारतीय होत नाही.

जोडीदार, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील, तर ओसीआय मिळत नाही. या दोन देशांसाठी व्हिसाचे नियमही वेगळे आहेत.

गावात आल्यावर

परदेशी व्यक्ती घरी मुक्कामाला आली, की २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. हे फक्त लॉजवाल्यांचं काम नाही, घरमालकालाही लागू आहे. एंट्री व्हिसावर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर ती मुदत संपण्याआधी नोंदणी करावी. व्हिसावर १४ दिवसांत नोंदणीची सूचना छापली असेल तर तीच पाळावी. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतो. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी पोलीस अधीक्षक असतात. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. ते बघूनच पैसे भरावेत.

व्हिसा संपल्यावरही राहणं महागात पडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

शेत सुनेच्या नावावर?

ओसीआय कार्ड असलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मतदानही करता येत नाही. सातबाऱ्यावर परदेशी सुनेचं नाव लावायचं ठरवून खरेदीखताचा घाट घातला, तर व्यवहार अडचणीत येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. जुन्या कागदांवर उस्मानाबाद आणि २०२३ नंतरच्या कागदांवर धाराशिव असू शकतं. दोन्ही एकच असले तरी परदेशातल्या अधिकाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. अर्जासोबत तसा खुलासा जोडलेला बरा.