उन्हाळ्यात प्रार्थना-कीटक कोठे जातो?

एप्रिल महिन्यात अंबड-घनसावंगीकडच्या एखाद्या माळावर जाऊन पाहा. गवत वाळलेले, मुरूम तापलेला. पावसाळ्यात कपाशीवर पुढचे पाय जोडून बसणारा हिरवा प्रार्थना-कीटक, म्हणजेच खंडोबाचा किडा, आता क्वचितच नजरेस पडतो. मग त्याचा वंश टिकतो कसा?

जालना जिल्हा कोरडवाहू असला तरी वाळवंट नव्हे. सहारासारख्या वाळवंटात या किड्याचा एक भाऊबंद राहतो. त्याचे नाव इरेमिआफिला. रंग खड्यांसारखा आणि पंख इतके आखूड की उडता येत नाही. तो जमिनीवर धावूनच शिकार करतो. त्याची मादी अंडी वाळूत पुरते. आपल्या शेतातील मादी ती काडीला चिकटवते. अंडी घालताना ती चिकट द्राव सोडते आणि पोटाचे टोक हलवून त्याचा फेस करते. फेस हवेत घट्ट होतो. त्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडलेले असतात, आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे हे तुम्ही शिकलाच आहात. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ टिकतो तो याच कारणाने! असा अंडीपुंज मातकट, सुपारीएवढा किंवा त्याहून लहान असतो. कोरड्या प्रदेशांतील अनेक जातींचा कठीण काळ त्यातच सरतो.

बाहेर पडणारी पिले बिनपंखी, पण आईबापांसारखीच शिकारी. कधी एकमेकांनाही खातात. शिकारीसाठी अंतर अचूक कळावे लागते. सॅम्युएल रॉसेल यांनी १९८३ मध्ये या किड्याच्या डोळ्यांपुढे लोलक बसवले. प्रकाशकिरण वळताच त्याचा अंतराचा अंदाज चुकला. म्हणजे आपल्याप्रमाणेच दोन डोळ्यांतील प्रतिमांची तुलना करून तो अंतर ठरवतो.

कापूस निघाल्यावर पऱ्हाटी शेतात ठेवू नये, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, असे कृषितज्ज्ञ सांगतात. ते योग्यच आहे. मात्र पऱ्हाटीबरोबर हे अंडीपुंजही नष्ट होतात. (हा किडा अळ्यांबरोबर मधमाश्याही खातो, त्याला निव्वळ शेतकऱ्याचा मित्र म्हणणे मला पटत नाही. पण सरसकट जाळून टाकण्याइतका तो शत्रूही नाही.) तेव्हा पऱ्हाटी उपटताना काड्या निरखून पाहा. पुंज दिसला तर तो खरवडू नका; वीतभर काडी कापून बांधावरच्या बाभळीला सुतळीने बांधा. पहिला पाऊस कधी पडला आणि पिले कोणत्या दिवशी निघाली, या दोन तारखा वहीत लिहून ठेवा.