मागच्या दोन चाकांचा हिशेब

दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. कोऱ्या चासीवर इथे बसचा सांगाडा उभा राहतो, पत्रा चढतो, आसनं बसतात आणि गाडी आगाराकडे निघते. फाटकाबाहेर ती पहिलं वळण घेते तेव्हा तिच्या पोटाखाली जे घडतं, ते एकदा समजलं की साध्या लाल बसकडेही माणूस आदराने पाहू लागतो.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. किती जास्त? बसच्या मागच्या दोन बाजूंच्या चाकांत साधारण पावणेदोन ते दोन मीटर अंतर असतं. गाडीने यू-टर्न घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेपाच ते सव्वासहा मीटर जास्त चालतं. आणि वळण चिंचोळं असो की मैदानाएवढं मोठं, हा फरक बदलत नाही! चाकांमधल्या अंतराला ‘पाय’ने (π) गुणा, उत्तर तेच.

बैलगाडीला ही अडचण नाही. तिची चाकं आसावर मोकळी असतात. बैल गाडी ओढतात, चाकं फिरवत नाहीत. बसमध्ये मात्र इंजिनाला चाकंच फिरवायची असतात. एक इंजिन, मागे जाणारा एकच फिरता दांडा आणि वेगळ्या गरजांची दोन चाकं. दोन्ही एकाच आसात घट्ट ठोकली, तर प्रत्येक वळणावर टायर रस्त्यावर घासत जातील.

यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी 1828 मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, पण क्राऊन चाकांना थेट फिरवत नाही. त्याला एक पेटी जोडलेली असते आणि पेटीत छोटी दातेरी चाकं असतात, स्टार पिनियन. त्यांचे दाते एका बाजूला डाव्या एक्सलच्या दात्यांत अडकतात, दुसऱ्या बाजूला उजव्या. गाडी सरळ चालते तेव्हा स्टार स्वतःभोवती फिरत नाही, दोन्ही एक्सलना बरोबरीने ढकलत नेतो. वळण आलं की तो स्वतःभोवतीही फिरू लागतो, आणि आतलं चाक जेवढं मंदावतं तेवढंच बाहेरचं वेग घेतं. दोघांच्या फेऱ्यांची बेरीज कायम क्राऊनच्या दुप्पट! वेग वेगळे, पण दोन्ही चाकांना मिळणारा जोर सारखाच, कारण स्टार तराजूच्या दांडीसारखा मध्यावर तोललेला असतो.

याच समान वाटपामुळे गाडी चिखलात अडकते. एक चाक चिखलात गेलं की ते जेमतेम जोर पेलतं आणि गरगरत राहतं. तेवढाच जेमतेम जोर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो लॉक दाबून दोन्ही चाकं तात्पुरती एकत्र बांधतो, आणि पक्क्या जमिनीवरचं चाक ट्रॅक्टर बाहेर काढतं.

दापोडीतूनच पुणे-लोणावळा लोकल जाते, आणि तिची चाकं तर खरोखर एकाच आसात घट्ट बसवलेली असतात. मग ती वळते कशी? चाकाचा रुळावर टेकणारा पृष्ठभाग सपाट नसतो. आतल्या कडेकडून बाहेर तो निमुळता होत जातो, 20 मिलिमीटरला 1 मिलिमीटर या उताराने. वळणावर चाकांची जोडी किंचित बाहेर सरकते, मग बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालतं आणि आतलं बारीक भागावर. फेरी दोघांचीही एकच, अंतर मात्र वेगळं. सौम्य वळणाचा सगळा हिशेब एवढ्या उतारात मिटतो! वळण तीव्र असेल तर मात्र चाकाची उंच कड रुळाला घासते.

दापोडीत अशी वेगळ्यांची बरोबरी आणखी एका ठिकाणी दिसते: इथेच पवना मुळेला मिळते. दोन्ही नद्यांवरची धरणं वेगळी, दोन्ही खोऱ्यांतला पाऊस वेगळा. संगमावर पातळी मात्र एकच. मुळा फुगली की पवनेचा उतार मोडतो, पाणी मागे तुंबतं आणि काठच्या वस्त्यांत शिरतं. पाण्याची समता कुणाच्या घराची विचारपूस करत नाही.

ती विचारपूस माणसं करू शकतात, आणि एसटीने ती केली आहे. पहिली बस 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हापासून हा कारभार वाढत गेला. तिकिटाचा टप्पा 6 किलोमीटरचा. गाडी खच्चून भरलेली असो की चार प्रवाशांची, त्या गाडीच्या टप्प्याला तिकीट तेच. प्रत्येक प्रवाशामागचा खर्च कमालीचा विषम, पण वाडीवरच्या आजीला तो फरक भरावा लागत नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुली फुकट शाळेला जातात. या सवलतींची रक्कम राज्य शासन महामंडळाला देतं, म्हणजे ती आपण सगळे भरतो. मला हा आपल्या करातला उत्तम खर्च वाटतो. एखादी तोट्यातली फेरी बंद करण्याची मागणी कानावर आली, तर ती कोणत्या वाडीची आहे आणि तिथल्या मुली उद्या शाळेला कशाने जाणार, एवढं आधी विचारा.