रोहिणी हट्टंगडी : म्हातारपण वठवल्याची किंमत (लेखांक ५)

रोहिणी हट्टंगडी यांची कदर झाली नाही, असं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘बाफ्टा’, राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर मिळवणारी अभिनेत्री उपेक्षित कशी? आक्षेप रास्त आहे, पण पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो. कदर झाली की नाही, हे त्यानंतर कोणती कामं चालून आली त्यावरून कळतं. पुण्यात जन्मलेल्या आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली तयार झालेल्या या अभिनेत्रीची १९८२ ते १९८४ मधली चार कामं पाहावीत. ‘गांधी’तल्या कस्तुरबा तरुणपणापासून अखेरपर्यंत डोळ्यांदेखत वयानं वाढत जातात, तेव्हा रोहिणीताईंनी जेमतेम तिशी गाठली होती. ‘अर्थ’मधली मोलकरीण मुलीच्या शाळेसाठी जमवलेले पैसे उडवणाऱ्या नवऱ्याचा जीव घेते. ‘पार्टी’तली मोहिनी एका नामवंत नाटककाराच्या सावलीत कडवट होत दारूत बुडालेली, तर ‘सारांश’मधली पार्वती प्रधान आपला मेलेला मुलगा भाडेकरू मुलीच्या पोटी परत येणार या आशेवर जगणारी. या चौघींपैकी एकीचाही आवाज दुसरीसारखा नाही.

आता याच चित्रपटांतले पुरुष घ्या. ‘गांधी’त म्हातारपण साकारणारे बेन किंग्जली पुढे ‘सेक्सी बीस्ट’मध्ये अंगावर येणारा गुंड झाले. ‘सारांश’ करताना अनुपम खेर तिशीच्या आतले होते. दोनच वर्षांनी ते ‘कर्मा’तले खलनायक डॉ. डँग होते. वय पेलणं ही या दोघांची ताकद मानली गेली. रोहिणीताईंच्या बाबतीत मात्र भूमिकेचं वय हेच नटीचं वय ठरलं. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि बच्चन त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे! त्या कामाला फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच होतं. निवडीमागचा हिशेब मात्र त्यामुळे योग्य ठरत नाही.

खेरही पुढे बापांच्याच भूमिकांत अडकले, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण त्या बापांना विनोद, लबाडी, कधी चक्क वात्रटपणाही करता आला. आईच्या वाट्याला बहुधा काळजी आणि देवघरच आलं. शिवाय दोष एकट्या निर्मात्यांचा नाही. राखी यांनी १९८२ साली ‘बेमिसाल’मध्ये बच्चन यांची नायिका आणि ‘शक्ती’त त्यांचीच आई साकारली, आणि ते प्रेक्षकांनी, म्हणजे आपणच, निमूटपणे चालवून घेतलं.

‘चार दिवस सासूचे’ या मालिकेनं रोहिणीताईंना मराठी घराघरांत नेलं, हे नाकारायचं कारण नाही. पण तीन हजारांहून अधिक भागांची ती ओळखही पुन्हा नात्याचीच होती. रंगभूमीनं त्यांना असं एका चौकटीत बसवलं नाही. लोर्काच्या ‘येर्मा’वरून आलेली ‘चांगुणा’ आणि एकपात्री ‘अपराजिता’ यांत त्यांना काय करायला मिळालं, ते पुढच्या लेखांकात पाहू.