विहिरीच्या काठावर धुतलेला पंप



बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या यांवर आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आज पाणी किती द्यावे हे सांगायचे नाही, ते नासू कसे द्यायचे नाही हे सांगायचे आहे. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

मागे एका हंगामात एका सभासदाच्या खोडव्यात तणनाशक फवारणीचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपल्यावर पाठीवरचा पंप आम्ही विहिरीच्या काठावरच खळखळून धुतला आणि धुवण तिथेच ओतले. बांधाला तोडणीच्या टोळीच्या कोप्या होत्या. टोळी पेठ तालुक्यातली. एक बाई हंडा घेऊन येत होत्या, त्या थबकल्या. म्हणाल्या, "भाऊ, हेच पाणी आम्ही पितो. आमच्या पेठला उन्हाळ्यात वाटी-वाटीनं पाणी भरतो, पण झिऱ्यात कोणी पाय घालत नाही."

आम्हाला उत्तर सुचले नाही. शिकवायला गेलो होतो आम्ही, धडा त्या बाईंनी दिला.

पेठला पाऊस कमी नाही. पावसाळ्यात धो धो कोसळतो. पण डोंगरउतारावरून, कातळावरून पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात उतरते आणि पश्चिमेला समुद्राकडे जाते. चैत्र-वैशाखात झिऱ्याशी बसून हंडा भरावा लागतो. पाणी वाटीने मोजणाऱ्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही. आपण बटण दाबले की मोटार सुरू होते, म्हणून आपल्याला सांगावी लागते.

साध्या सवयींनी काय होते, असे कोणी विचारील. जुन्या सभासदांना नारू आठवत असेल. पायातून लांबलचक जंत निघायचा, सुगीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा. त्यावर ना लस होती, ना रामबाण औषध. पाणी फडक्याने गाळून पिणे, रोग्याने पाण्यात न उतरणे, पायऱ्यांच्या विहिरी बदलणे आणि पाण्यात औषध टाकून त्यातले बारीक किडे मारणे, एवढ्यावर तो रोग हटला. देशातला शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला.

पण आजचे विष फडक्याने गाळले जात नाही. तणनाशक पाण्यात विरघळून जाते. युरियाचेही तसेच. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीला मिळते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. त्याहून फार वाढले तर सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला धोका असतो. बाळ निळे पडते. असे पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट मागेच राहते.

तेव्हा एवढे करावे :

1. पंप विहिरीवर, पाटात वा ओढ्यात धुऊ नये. शेतातच तीनदा विसळावा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारावे. औषधही विहिरीपासून लांब कालवावे.

2. औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळून, भोक पाडून ठेवावेत. त्यात पाणी, तेल भरू नये. टोळीतल्या कोणालाही डबा देऊ नये.

3. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. ते लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यावे. एकदम टाकून वर भरपूर पाणी सोडले, तर पैसा आणि पाणी दोन्ही नासतात. ठिबक असल्यास उत्तमच.

4. उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब, उताराच्या बाजूला असावा.

5. विहिरीला कठडा आणि भोवती पक्का ओटा बांधावा. गुरे धुण्याची जागा वेगळी ठेवावी.

6. टोळी उतरेल तिथे प्यायचे पाणी कोणते, हे मुकादमाला आधी दाखवावे. जवळ शौचाची सोय करावी. नाहीतर उघड्यावरची घाण पहिल्या पावसात आपल्याच विहिरीत येते.

कारखान्याच्या सांडपाण्यावर कायद्याची नजर असते, आणि ती असलीच पाहिजे. पण 1974 चा जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा कारखान्यांपुरताच नाही. जाणूनबुजून ओढ्यात किंवा विहिरीत विषारी पदार्थ सोडायला त्यात प्रत्येकालाच मनाई आहे. तरी शेताच्या बांधावर निरीक्षक येत नाही. तिथे आपणच निरीक्षक.

आता प्रात्यक्षिकाला निघताना आम्ही विसळण्याच्या पाण्याचा वेगळा ड्रम बरोबर घेतो आणि विहिरीकडे फिरकत नाही. येत्या हंगामात टोळ्या उतरण्यापूर्वी आपणही विहिरीभोवती एक चक्कर मारावी. त्या विहिरीचे पाणी पेठची लेकरे पितात, आणि आपलीही.

— ऊस विकास अधिकारी