बुटकी मोटार

चिरंजीवांनी मोटार दोन इंच खाली बसवून घेतली आणि घरात वादाला तोंड फुटले! मी म्हटले, "अरे, आधी चाकांचे गणित मांड!" 185/65 आर 15 म्हणजे टायर 185 मिलिमीटर रुंद, त्याची भिंत रुंदीच्या 65 टक्के उंच, रिम 15 इंची, व्यास सुमारे 621 मिलिमीटर. 195/55 आर 16 घेतला तरी व्यास जवळजवळ तितकाच, म्हणून वेगाचा काटा फसवत नाही. पण गाडी खाली बसली, की चाकांचे माथे आत कलतात. हाच तो कँबर! बाहेरून टायर करकरीत. आतली कड मात्र झिजून तारा उघड्या पडलेल्या. खंडाळ्याचा घाट उतरण्यापूर्वी दिसले, हे नशीब! दिवाळीला मोटार मूळच्या उंचीवर आली. आता चिरंजीवांची मान तेवढी दोन इंच खाली आहे!