आहारतज्ज्ञ व्हायचे आहे?

बारावीचा निकाल लागला, की दवाखान्यात आलेले पालक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलगी डाएटिशियन व्हायचं म्हणते. घालू का?" जरूर घाला, पण आधी हे काम काय आहे ते समजून घ्या.

वजन कमी करण्याचा छापील तक्ता हाती देणे, एवढेच हे काम नव्हे. मूत्रपिंड निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला नातेवाईक मायेने शहाळे पाजतात. त्यातील पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेही माणूस चहातील साखर सोडतो, पण भाकऱ्या किती खातो हे मोजत नाही. भाकरी बंद करणे हा उपाय नव्हे. ती किती खावी, सोबत उसळ व पालेभाजी किती असावी, हे त्या घरची कमाई आणि कामाच्या वेळा विचारून ठरवावे लागते. गर्दीच्या वेळी आम्हा डॉक्टरांना एवढी सवड मिळत नाही. म्हणून आहारतज्ज्ञ हवा.

त्यासाठीचा रस्ता असा: बारावी विज्ञान, मग गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण विषयातील पदवी, त्यानंतर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका आणि रुग्णालयात उमेदवारी. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन 'आर.डी.' म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा घेते. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे.

काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींना मात्र भुलू नका. अन्न व पोषण विषयाचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवीचे नवे प्रवेश विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केले आहेत. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाची मान्यता आणि रुग्णालयातील प्रशिक्षणाची सोय, दोन्हींची खात्री करून घ्या.

मोठी रुग्णालये, डायलिसिस केंद्रे, कुपोषित बालकांसाठीची पोषण पुनर्वसन केंद्रे येथे या शिक्षणाचा उपयोग होतो. आणि हे क्षेत्र केवळ मुलींचे नाही; मुलांनीही यावे. स्वयंपाकाची आवड एवढ्या भांडवलावर मात्र येऊ नये. रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र मनापासून शिकावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "काल रात्री काय जेवलात?" हा प्रश्न रोज वीस जणांना न कंटाळता विचारता आला पाहिजे.